टोरीहून डावीकडे

तुम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात, टोरी गावाच्या अलीकडच्या तिठ्यावर आहात. मागे कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यान राहिलं. तिथल्या फ्रूटाच्या बागेत सकाळी स्वतःच्या हाताने तोडलेले जर्दाळू मागच्या सीटवर पिशवीत आहेत. आज ब्राइस कॅन्यन गाठायचं आहे. सरळ जाणारा चोवीस नंबरचा रस्ता पश्चिमेकडे निघतो. तिकडून डोंगर टाळून, शेतंकुरणं बघत आरामात पोचता येतं. डावीकडे फुटतो तो बारा नंबर.

डावीकडे वळा. पाच दिवसांत पाच उद्यानं बसवणाऱ्या सहलीतही हा एक दिवस पूर्ण या रस्त्याला द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. फक्त एक लक्षात ठेवा, हा रस्ता तुम्हाला एकाच वर्षात राहू देत नाही.

चढ लगेच सुरू होतो. आधी बुटकी जुनिपर, मग पाइन, मग पांढऱ्या खोडांचे आस्पेन. हवा थंड होते, काच वर घ्यावीशी वाटते. आणि चाकांखालचा आवाज बदलतो. डांबर संपलं, खडी लागली, मागे धुळीचा लोट उठला. तुम्ही १९८४ मध्ये आहात. बोल्डर माउंटनवरच्या या टप्प्याला डांबर लागायला अजून एक वर्ष आहे. थोडं पुढे खडीही संपते, चाकोरी पुसट होते आणि सुमारे २,९०० मीटर उंचीवर तुम्ही झाडांतून बाहेर पडता, तेव्हा साल असतं १८७२, महिना जून.

कड्यावर काही घोडेस्वार थांबले आहेत. त्यांचा म्होरक्या आल्मन थॉम्प्सन, कोलोरॅडो नदीचं सर्वेक्षण करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलचा मेहुणा. आदल्या वर्षी डर्टी डेव्हिल नदीच्या मुखाशी ठेवलेली एक होडी आणायला तो निघाला आहे. वाटेत एक नदी लागली. तीच डर्टी डेव्हिल, असं आधी वाटलं होतं. पण ती ती नव्हती. कोणत्याच नकाशावर नसलेली नदी त्यांच्यासमोर होती! तिला पुढे एस्कलांटे हे नाव मिळालं, १७७६ मध्ये या मुलखाच्या दूरवरून गेलेल्या एका स्पॅनिश पाद्र्याचं. तिच्या घळींतून खाली जायचं की या पठारावर चढून पलीकडे उतरायचं, हे थॉम्प्सनला ठरवायचं होतं. त्याने चढ निवडला. त्याच्या शेजारी उभं राहून पूर्वेला बघा. १६० किलोमीटर लांबीची, कातळाची दुमडलेली भिंत म्हणजे वॉटरपॉकेट फोल्ड. सकाळी तुम्ही तिच्या पायथ्याशी होतात, तेव्हा ती केवढी आहे हे कळलंच नव्हतं. तिच्यामागे हेन्री पर्वत. वॉटरपॉकेटचा पूर्ण आकार मला या कड्यावरच कळला.

उतरून बोल्डर गावात या. इथे थोडा वेळ आठशे-नऊशे वर्षं मागे जावं लागतं, कारण रस्त्याकडेलाच एका जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. साधारण १०५० ते १२०० या काळात इथे लोक मका आणि घेवडा पिकवत होते. ते निघून गेले आणि त्यानंतरचं बोल्डर १८८९ मध्ये वसलं. डावीकडे बर ट्रेलचा फाटा दिसेल. मोह होईल. त्याचा पहिला भाग डांबरी आहे, पण पुढे कॅपिटल रीफच्या हद्दीत कच्ची, तीव्र नागमोडी वळणं उतरतात. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, आभाळ भरलं असेल तर विचारही करू नका. तो स्वतंत्र दिवसाचा रस्ता आहे.

आता या १९३० मध्ये. बोल्डरला मोटारीचा रस्ता नाही. एस्कलांटे गावापर्यंत टपाल खेचरांवरून जातं आणि आज टपालवाल्यामागच्या खेचरावर तुम्ही आहात. पायाखाली मातीच नाही. पांढऱ्या कातळाचे घुमट, एकामागून एक. खेचर नाल वाजवत, खूर चाचपत उतरतं. वर झाडाझाडांना बांधलेली टेलिफोनची एकेरी तार सोबत करते. ती १९१० मध्ये ओढली आहे, धुक्यात वाट चुकली तर तिच्याखालून चालायचं. मग डेथ हॉलो. जनावरं घसरून मेली म्हणून हे नाव पडलं, आणि उतारावर उभं राहिलं की ते पटतं. तळाशी झुळझुळ पाणी आहे, काठाला पॉयझन आयव्हीची दाट झुडपं. हात आवरून बसा, पानं लागली तर दिवसेंदिवस अंग खाजेल. पाणी ओलांडलं की तेवढंच पुन्हा चढायचं. गावात कुणाचं पत्र येतं, कुणाला औषध लागतं, ते सगळं या वाटेने.

१९३३. वरच्या जंगलात सुरुंगांचे आवाज. मंदीत बेकार झालेल्या तरुणांना रूझवेल्ट सरकारने नुकतंच कामावर घेतलं आहे, महिना ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी. ही पोरं एका अरुंद डोंगरधारेवरून मोटारीचा रस्ता काढत आहेत. धारेला मध्येच खाच आहे आणि दोन्ही बाजूंना खोल घळी. खाचेवर लाकडी पूल टाकला जातो. पुलावर उभे राहिलात तर एका हाताला डेथ हॉलो, दुसऱ्या हाताला सँड क्रीक. रस्त्याचं नाव हेल्स बॅकबोन. मोटार अखेर बोल्डरला पोचली. पण हिवाळा आला, बर्फ पडलं, रस्ता बंद झाला. टपालवाल्याने पुन्हा खेचर जुंपलं.

तेव्हा खालून रस्ता काढायचं ठरलं. उंची कमी, बर्फ कमी, पण सगळा कातळ. १९३५ ते १९४० अशी पाच वर्षं तीच तरुण पोरं काफ क्रीकच्या कडेने पहारी आणि सुरुंग घेऊन कातळ फोडत होती. लोक त्याला मिलियन डॉलर रोड म्हणू लागले.

आज तुम्ही बोल्डरहून निघालात की याच रस्त्यावर येता. थोड्याच वेळात हॉग्सबॅक. राजगडाची संजीवनी माची आठवा आणि तिच्या माथ्यावरून दोन पदरी डांबरी रस्ता नेलाय असं समजा. दोन्हीकडे दरी, बऱ्याच ठिकाणी कठडाही नाही. वेग कमी करा. चालवणाऱ्याने दऱ्या बघायच्या नाहीत, त्यासाठी थांबे आहेत. काफ क्रीकला गाडी लावा. पाण्याच्या कडेने चालत गेलं की ३८ मीटर उंचीचा धबधबा लागतो, जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो, आणि मोडावा. वाटेतल्या कातळावरच्या तिरक्या रेषा नीट पाहा. जुरासिक काळात इथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं, आणि त्या टेकड्यांवर वारा कुठून वाहत होता ते या रेषांवरून आजही वाचता येतं.

मला या रस्त्याबद्दल सगळ्यात जास्त हेच मोलाचं वाटतं की तो देखाव्यासाठी बांधलेला नाही. बोल्डरच्या माणसाला जानेवारीतही पत्र मिळावं म्हणून तो कातळातून गेला. २००२ मध्ये त्याला राष्ट्रीय पातळीवर निसर्गरम्य मार्गाचा सन्मान मिळाला, पण वळण कुठे घ्यायचं हे त्याआधी साठ-सत्तर वर्षं खडकानेच ठरवून ठेवलं होतं. म्हणून त्यातलं एकही वळण फुकट वाटत नाही.

एस्कलांटेत पेट्रोल भरा, काही खा. अंधार पडल्यावर या पट्ट्यात गाडी हाकू नका, रस्त्यावर हरणं आणि मोकळी गुरं येतात. टोरीपासून ब्राइसपर्यंत सरळ चालवलं तर अडीच-तीन तासांचंच काम आहे, पण तुम्हाला दिवस लागेल. ब्राइसला पोचेपर्यंत संध्याकाळ होईल आणि काहीही चुकलेलं नसेल. तिथली मुख्य दरी पूर्वेला तोंड करून आहे. तिचे लाल सुळके उगवत्या सूर्यातच पेटतात, आणि त्यासाठी तुम्हाला उद्या पहाटे उठायचं आहे.