ज्याघातवारण : एका लहान वस्तूचा इतिहास

विराटपर्वातील अज्ञातवासाची कथा आम्ही कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो आहोत. बृहन्नडेचा वेष घेण्याचे ठरते तेव्हा अर्जुनाला चिंता वाटते ती आपल्या बाहूंवरील वणांची. तो सव्यसाची, दोन्ही हातांनी बाण सोडणारा. त्यामुळे धनुष्याच्या दोरीने पाडलेले वण त्याच्या दोन्ही हातांवर आहेत आणि ते लपविणे कठीण आहे. अखेर हातभर कंकणे घालून तो ते झाकतो. एके वर्षी एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, धनुर्धर हातावर चामडे बांधीत असत, असे आपणच मागे सांगितलेत. मग अर्जुनाच्या हातावर वण कसे?" त्या दिवशी आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचा माग काढताना जे हाती लागले, ते येथे मांडीत आहोत.

प्रथम वस्तूचे प्रयोजन पाहू. उजव्या हाताने दोरी ओढणारा धनुर्धर धनुष्य डाव्या हातात धरतो. बाण सुटताच दोरी अतिवेगाने मूळ जागी परतते आणि क्षणभर तिच्याही पुढे लवते. त्या वेळी डाव्या हाताचे कोपर किंचित जरी आत वळलेले असले, तरी मनगट आणि कोपर यांमधील मांसल भाग दोरीच्या वाटेत येतो. असा एक तडाखा बसला तरी कातडी काळीनिळी पडते. शंभर तडाखे बसले तर हात धनुष्य धरण्याच्या कामाचा उरत नाही. अंगातील बाही सैल असली तर दोरी तीत अडकते आणि बाण भलतीकडे जातो. हे दोन्ही टाळण्यासाठी हातावर जे चामड्याचे आवरण बांधीत, तेच ज्याघातवारण, म्हणजे ज्येचा आघात अडविणारे.

आपल्या प्राचीन वाङ्मयात या वस्तूला नावांची वाण नाही. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तरावे सूक्त युद्धसाहित्याच्या स्तुतीचे आहे. कवच, धनुष्य, ज्या, भाता यांच्याबरोबर तेथे हस्तघ्नाचीही स्तुती आहे, आणि हाताला वेढे घालणाऱ्या सर्पाची उपमा त्याला दिली आहे. त्यावरून हे आवरण हाताभोवती गुंडाळण्याच्या पट्ट्याचे असावे, असे आम्हांस वाटते. पुढे अमरकोशात गोधा आणि तल ही त्याची नावे येतात. गोधा म्हणजे घोरपड. प्राण्याचे नाव वस्तूला मिळाले, यावरून घोरपडीचे चिवट कातडे या कामी वापरीत असावेत, हे उघड दिसते. गोधा बांधलेले आणि बोटांवर अंगुलित्राण चढविलेले वीर रामायण-महाभारतात पावलोपावली भेटतात.

मग वण कसे? आमच्या मते याचे उत्तर सरावात आहे. चामडे प्रत्येक आघाताची धार बोथट करते. पण बालपणापासून अहोरात्र चालणाऱ्या अभ्यासाची खूण शरीरावर उमटल्यावाचून राहत नाही. काव्यात तर ही खूण भूषण ठरली. कालिदासाच्या शाकुंतलात दुष्यंताच्या बाहूवर मौर्वीच्या घर्षणाने पडलेला किण हे प्रजारक्षणाचे चिन्ह म्हणूनच येते. किण म्हणजे आपण ज्याला घट्टा म्हणतो तो. राजाच्या हातावरील घट्ट्याला कवीने गौरविले. परंतु ज्याने ती गोधा कापली, शिवली, वीराच्या हाताशी जुळविली, त्याच्या तळहातावरही रापी आणि आरी धरून घट्टे पडले असतील. त्यांना काव्यात जागा मिळाली नाही. नावे राहिली, कृती मात्र लेखणीपर्यंत पोहोचली नाही. कारण शोधण्यास दूर जावयास नको. चामड्याला हात लावणाऱ्यास विद्येपासून दूर ठेवण्यात आले, आणि ज्यांच्या हाती विद्या होती त्यांनी चामड्याला हात लावला नाही.

ही उणीव किती मोठी आहे, हे आम्हांला कळले ते इंग्लंडचा इतिहास वाचताना. तेथे या वस्तूला ब्रेसर म्हणतात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीने आपल्या यात्रेकरूंच्या मेळ्यात जो धनुर्धारी सेवक रंगविला, त्याच्या हातावरही तो आहे. परंतु विशेष बोलके आहे ते १५४५ हे वर्ष. त्या वर्षी केंब्रिजचा विद्वान रॉजर ॲस्कम याचा 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध झाला. हाच ॲस्कम पुढे राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. ग्रीक आणि लॅटिन या भाषांवर त्याचे प्रभुत्व होते. त्या भाषांत लिहिणे आपल्याला सोपे होते आणि कीर्तीलाही पोषक ठरले असते, हे तो स्वतःच कबूल करतो. तरीही विषय इंग्रजांचा, वाचक इंग्रज, म्हणून त्याने आपल्या लोकांच्या भाषेत लिहिले. ब्रेसरविषयी फारसे सांगण्यासारखे नाही असे म्हणून तो जे मोजके सांगतो, ते मात्र लाखमोलाचे आहे. ब्रेसरने हात वाचतो, अंगरखा झिजत नाही आणि दोरी त्यावरून सफाईने घसरते. त्याला खिळे नसावेत, कठीण बकल नसावे, पितळी टोकांची बंदे नसावीत. कारण खिळ्याने दोरी नकळत तुटते आणि बकलाचा ओरखडा धनुष्याला घातक ठरतो.

त्याच वर्षी, १९ जुलै १५४५ रोजी, पोर्टस्मथजवळच्या समुद्रात फ्रेंच आरमाराशी लढताना आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ' हे जहाज बुडाले. समुद्रतळाच्या गाळात ते चार शतकांहून अधिक काळ पडून होते. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढण्यात आला. जहाजात दीडशेहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण सापडले. आणि त्यांच्याबरोबर सुमारे दोन डझन ब्रेसर. बहुतेक चामड्याचे आहेत, आणि काहींवर राजचिन्हे व गुलाब ठसविलेले आहेत. सामान्य सैनिकाच्या हातावरील ही वस्तू! एरवी ती झिजून फेकली गेली असती. गाळाने वस्तू राखली, ग्रंथाने तिचे मर्म राखले. दोन्ही एकाच वर्षाची, हा योग विलक्षण होय.

आता आमच्या घरची गोष्ट. आमच्या शाळेत बांबूच्या धनुष्याचा सराव सुरू झाला आणि चार दिवसांत मुलांचे डावे हात सुजले. तयार मिळणारी आवरणे कोणाला सैल, कोणाला घट्ट होत. आमच्या बेळगाव जिल्ह्यात अथणी-निपाणीकडे कोल्हापुरी वहाण बनविणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांपैकी एका वृद्ध चर्मकाराकडे आम्ही मापांचा कागद घेऊन गेलो. त्याने कागद बाजूला ठेवला. "गुरुजी, पोरांनाच घेऊन या. पाय बघितल्याबिगर वहाण होत नाही, मग हे कसं होईल?"

मुले गेली. त्याने प्रथम धनुष्य मागितले, एका मुलाला दोरी ओढायला लावली आणि ती हातावर कोठे येते ते बोटाने चाचपून पाहिले. मग कोपराखाली दोन बोटे आणि मनगटावर दोन बोटे सोडून मधली लांबी सुतळीने घेतली; वरचा व खालचा घेर निराळा मोजला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले म्हशीचे चामडे, जाडीला सुमारे एक सूत, त्याने निवडले. हाताच्या पाठीकडे दोन बोटांची फट राहील असा तुकडा कापला, कडा रापीने तासून पातळ केल्या. चामडे पाण्यात भिजवून प्रत्येक मुलाच्या हातावर फडक्यावरून गुंडाळले, घडी बसवली आणि तो आकार न मोडता सावलीत वाळविले. गुळगुळीत बाजू वर ठेवून तेल चोळले. भोके पाडली ती पाठीकडच्या कडांना. वादीची गाठही तिकडेच. आतल्या बाजूस, जेथून दोरी जाते तेथे, टाका नाही, खिळा नाही, काही नाही. असे का, म्हणून विचारता तो म्हणाला, "दोरी अडंल, न्हाईतर तुटंल."

ॲस्कमचे नावही त्याने ऐकलेले नव्हते. पावणेपाचशे वर्षांपूर्वी केंब्रिजच्या पंडिताने लिहून ठेवलेले तत्त्व त्याला एकदा दोरी ओढलेली पाहून उमगले. तेथे ते लिहिले गेले, येथे ते बोटांत राहिले, एवढाच भेद. परंतु हा भेद लहान नव्हे. या कारागिराच्या मुलांनी निराळे व्यवसाय धरले आहेत. त्याचा आम्हांस खेद नाही. जातीने गळ्यात बांधलेला धंदा सोडण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. परंतु धंद्याबरोबर ज्ञानही नाहीसे होऊ द्यावे काय? ते टिपून ठेवण्यास धंदा करावा लागत नाही. शेजारी बसून विचारावे आणि ऐकावे लागते.

सीमेवर आणि दूरदूरच्या नगरांत मराठी जपणाऱ्या आपणा शिक्षकांना भाषेची चिंता सदैव असते. ती चिंता आपण बहुधा ग्रंथांपुरती वाहतो. रापी, आरी, वादी, सूत, साल हे शब्दही आपल्याच भाषेचे धन आहे, आणि ते ज्यांच्या मुखी आहे त्यांच्या दारी आपण क्वचितच जातो. ॲस्कमने पांडित्याच्या भाषेतून लोकांच्या भाषेकडे येण्याचे धैर्य दाखविले. आपल्याला तर केवळ शाळेतून शेजारच्या आळीपर्यंत जावयाचे आहे.

त्या वर्षी मुलांनी ही सारी कृती, मापांसकट आणि त्या कारागिराच्याच शब्दांत, शाळेच्या हस्तलिखितात उतरविली. आपले नाव छापू नये असा त्याचा आग्रह आहे, म्हणून येथे ते दिलेले नाही. हस्तलिखितात मात्र मुलांनी त्याचे पूर्ण नाव कृतीच्या मथळ्याखाली, लेखकाच्या जागी, घातले आहे. वाचून दाखविले तेव्हा त्याने दोन चुका सुधारल्या. त्या जागेविषयी काही बोलला नाही.