कोणते राजाराम?

आठवीच्या सहामाही परीक्षेत ‘कोल्हापूरचे राजाराम महाराज’ अशी टीप होती. मी जिंजीचा वेढा आणि सिंहगडावरचा मृत्यू लिहून आले. इतिहासाच्या सरांनी लाल शाईने लिहिलं, ‘कोणते राजाराम?’ आणि शून्य दिलं. या प्रश्नाचं उत्तर मला साठीत, आपल्या बॅचच्या इटली सहलीत, फ्लॉरेन्सला मिळालं.

सकाळ ठरलेल्या कार्यक्रमात गेली. १४३६ साली पूर्ण झालेला कॅथेड्रलचा घुमट पाहिला, सिन्योरिया चौकात फोटो झाले. दुपार खरेदीसाठी मोकळी होती. बरेच जण चामड्याच्या पर्स बघायला गेले. आम्ही नऊ जण टॅक्सी करून गावाबाहेरच्या कॅशीने उद्यानाच्या टोकाला गेलो. तिथे आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर एक छत्री आहे. आपल्याकडच्या समाधीवर असते तशीच. आत फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा. हेच कोल्हापूरचे दुसरे राजाराम महाराज.

ते १८६६ साली दत्तक म्हणून गादीवर आले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असं मानणारा तो काळ. तरीही १८७० साली ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले आणि पाहिलेलं सगळं इंग्रजीत डायरीत लिहीत राहिले. परतीच्या प्रवासात आजार बळावला आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये ते वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे प्रेत जाळण्याची रीत नव्हती. खास परवानगी मिळवून रात्री या संगमावर दहन झालं. डायरी १८७२ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. छत्री १८७४ सालची. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा, पुतळा फुलर यांनी घडवला. शाळेच्या सहलीत आपण ज्या न्यू पॅलेसच्या पायऱ्यांवर डबे सोडले होते, तो राजवाडाही याच मँट यांनी आखला! शेजारच्या पुलाचं नाव ‘इंडियानो’, म्हणजे ‘भारतीयाचा’. तो १९७८ साली झाला. रोज त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हा ‘भारतीय’ कोण ते ठाऊक असेल?

या मृत्यूने कोल्हापूरचा इतिहास वळला. १८७१ साली चौथे शिवाजी दत्तक आले. १८८३ साली अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या ताब्यात असताना, त्यांचाही अंत झाला. मग १८८४ साली कागलहून यशवंतराव घाटगे दत्तक आले. तेच राजर्षी शाहू महाराज.

पण छत्रीपुढे उभी असताना मला हे काही सुचलं नाही. माझा मुलगाही विसाव्या वर्षीच शिकायला परदेशी गेला. पहिल्या हिवाळ्यात त्याला ताप आला, तेव्हा फोनवर आवाज ऐकू येत होता तरी मी रात्रभर जागी होते. या मुलाचं दुखणं घरी पोचायलाही आठवडे लागले असतील. कुणीतरी बागेतली दोन पिवळी फुलं कठड्यावर ठेवली. आमच्यातला एरवी सर्वांत बोलका मित्र परतताना टॅक्सीत गप्प होता.

सर, पंचेचाळीस वर्षांनी उत्तर देते आहे: परदेशी जग पाहायला गेलेले, रोज डायरी लिहिणारे, विशीतच राहिलेले राजाराम. आता तरी शून्य खोडाल ना?