सेब्रिंगची ती दोन मिनिटं

१२ डिसेंबर १९५९. फ्लोरिडात सेब्रिंगच्या विमानतळावर आखलेल्या ट्रॅकवर मोसमातली शेवटची ग्रां प्री होती. विश्वविजेतेपदाची आशा तिघांना होती : जॅक ब्राबॅम, स्टर्लिंग मॉस आणि फेरारी चालवणारा टोनी ब्रूक्स. पहिल्याच फेरीत ब्रूक्सच्या गाडीला धडक बसली, तीही त्याच्याच संघातल्या वोल्फगांग फॉन ट्रिप्सची. गाडी चालत होती. तरीही ब्रूक्सने ती पिटमध्ये आणली, मेकॅनिकांकडून तपासून घेतली आणि काही मोडलेलं नाही म्हटल्यावरच पुन्हा ट्रॅकवर नेली. यात दोनेक मिनिटं गेली. तो तिसरा आला आणि विजेतेपद ब्राबॅमकडे गेलं.

ब्रूक्सचं नाव मागे पडलं ते बरंचसं या दोन मिनिटांमुळे. खरं तर त्याची कारकीर्द तोलायची, तर तराजूत आधी तीच टाकायला हवीत.

डकिनफील्डच्या एका दंतवैद्याचा हा मुलगा मँचेस्टरला दंतवैद्यकी शिकत होता. १९५५च्या ऑक्टोबरमध्ये कॉनॉट संघाने त्याला सिसिलीतल्या सिराक्यूजला बोलावलं. फॉर्म्युला वनची गाडी त्याने तोवर कधीच चालवली नव्हती. अंतिम परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून विमानात तो अभ्यासाची पुस्तकं घेऊन बसला. आणि तिथे त्याने मासेरातीच्या फौजेला हरवलं. ब्रिटिश चालकाने ब्रिटिश गाडीतून परदेशातली ग्रां प्री जिंकल्याला तोवर ३१ वर्षं झाली होती. १९२४ साली हेन्री सीग्रेव्हने सान सेबास्तियनला ते केलं होतं. सिराक्यूजची शर्यत विश्वविजेतेपदाच्या मालिकेत धरली जात नव्हती, एवढ्या एका कारणाने हा पराक्रम आकडेवारीच्या तक्त्यात सापडत नाही.

मग दोन अपघात झाले. १९५६ साली सिल्व्हरस्टोनला बीआरएमचा थ्रॉटल बिघडला. पिटमध्ये तात्पुरती डागडुजी करून ब्रूक्स परत निघाला, आणि थ्रॉटल उघडाच अडकून बसला. तो बाहेर फेकला गेला, गाडी जळून गेली. पुढच्या वर्षी ल मांला अ‍ॅस्टन मार्टिनचा गियर अडकला. तो सोडवायच्या खटपटीत गाडी उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. दोन्ही वेळा गाडी बिघडलीय हे ठाऊक असूनही तो ती दामटत राहिला होता. ब्रूक्स श्रद्धाळू कॅथलिक होता. जीव ही देणगी आहे आणि विनाकारण तो पणाला लावायचा आपल्याला हक्क नाही, असं तो मानायचा. यापुढे सदोष गाडी चालवायची नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. सेब्रिंगला त्याने फक्त तो शब्द पाळला.

याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांनी त्याने कुठे कुठे शर्यती जिंकल्या ते पाहावं. १९५८ साली व्हॅनवॉलमधून त्याने स्पा, न्यूरबर्गरिंग आणि मोन्झा जिंकलं. त्या काळी यांच्यापेक्षा धोक्याचे ट्रॅक शोधून सापडले नसते. त्याच मोसमात रॅंसला लुइजी मुस्सो गेला, न्यूरबर्गरिंगला ब्रूक्सचाच पाठलाग करताना पीटर कॉलिन्स गेला आणि मोरोक्कोत भाजलेला त्याचा संघसहकारी स्टुअर्ट लुइस-एव्हान्स काही दिवसांनी गेला. भीतीला कारणं भरपूर होती. त्या वर्षी माइक हॉथॉर्न एक शर्यत जिंकून विश्वविजेता झाला. ब्रूक्स तीन जिंकूनही तिसरा राहिला. एकूण ३८ शर्यतींत त्याचे सहा विजय आहेत. त्यातला १९५७चा एंट्री ट्रॅकवरचा विजय मॉसबरोबर वाटून घेतलेला : ल मांच्या जखमा भरायच्या होत्या, म्हणून ब्रूक्सने चालती गाडी मध्येच मॉसच्या हाती दिली. ब्रिटिश गाडीने विश्वविजेतेपदाच्या मालिकेत जिंकलेली ती पहिली ग्रां प्री.

१९५९चं विजेतेपद सेब्रिंगलाच हुकलं, हेही अर्धंच खरं. त्या वर्षी त्याच्या आवडत्या स्पाची शर्यत रद्द झाली, इटलीतल्या संपामुळे फेरारी एंट्रीला गेलीच नाही आणि मोन्झाला सुरुवातीलाच क्लच गेला. शिवाय सेब्रिंगला त्याला विजय आणि सर्वांत वेगवान फेरीचा गुण दोन्ही हवे होते. विजेत्या ब्रूस मॅक्लारेनच्या तो सुमारे तीन मिनिटं मागे होता. पिटमधली दोन मिनिटं वजा केली तरी हिशेब जुळत नाही.

मॉसने मात्र आपल्या काळातल्या सर्वोत्तम चालकांत त्याला कायम धरलं; आपला संघ असता तर त्यात जिम क्लार्क आणि ब्रूक्स यांना घेतलं असतं, असं तो सांगायचा.

१९६१ साली वॉटकिन्स ग्लेनला तिसरा येऊन, वयाच्या २९व्या वर्षी ब्रूक्स थांबला आणि वेब्रिजला त्याने गाड्यांचा व्यवसाय केला. २०२२च्या मे महिन्यात, नव्वदीत तो गेला, तेव्हा १९५०च्या दशकात ग्रां प्री जिंकलेल्या चालकांपैकी तो एकटाच हयात उरला होता.