मला काही कल्पना नाही!

"उद्या पाणी येणार नाही, याची कल्पना तरी द्यायची!" "त्यांच्याकडे एवढे आजारपण चालले आहे, मला कल्पनाच नव्हती हो." अशी वाक्ये आपण येता-जाता बोलतो. पण हीच वाक्ये शब्दशः हिंदीत बोलून पाहा, समोरचा गोंधळून जाईल. हिंदीत कल्पना म्हणजे मनाची भरारी. आपल्या मराठीत मात्र कल्पना असते, नसते, येते, सुचते आणि दुसऱ्याला देताही येते. रोजच्या बोलण्यात तिचा अर्थ जाणीव किंवा आगाऊ सूचना असा होतो. एवढ्या तरल शब्दाला आपण या कामाला कसे लावले, हा विचार बरेच दिवस मनात घोळतो आहे.

या शब्दाचे मूळ संस्कृत 'कॢप्' धातूत आहे. जुळणे, योग्य असणे, जुळवून सिद्ध करणे असा त्याचा अर्थ. संकल्प, विकल्प, कल्पक ही सगळी त्याच घरातली भावंडे. सहा वेदांगांपैकी 'कल्प' म्हणजे यज्ञविधींची पद्धतशीर मांडणी. आयुर्वेदात तर कल्पना म्हणजे चक्क औषध तयार करण्याची कृती! वनस्पती कुटून पिळलेला स्वरस, वाटून केलेला कल्क, उकळून आटवलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवून गाळलेला हिम आणि गरम पाण्यात टाकून गाळलेला फांट, या पाचांना मिळून 'पंचविध कषायकल्पना' म्हणतात. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही, खलबत्त्यातली आहे.

तत्त्वज्ञांनी मात्र तिच्याकडे संशयाने पाहिले. दिङ्नागासारख्या बौद्ध तर्कपंडितांच्या मते जे कल्पनेपासून मुक्त तेच खरे प्रत्यक्ष ज्ञान. आपण वस्तूला नाव दिले, जात चिकटवली, की मनाची भेसळ झालीच. आपल्याकडे समर्थांनी दासबोधाच्या सातव्या दशकात 'द्वैतकल्पनानिरसन' नावाचा समासच लिहिला आहे. गंमत अशी, की कल्पना घालवायला ते कल्पनाच वापरायला सांगतात. निर्गुणाची शुद्ध कल्पना करावी, म्हणजे द्वैताची कल्पना मावळते. काट्याने काटा काढावा, तसे.

पुढे शाळेत कल्पनाविस्तार आला, 'सूर्य उगवला नाही तर' हा निबंध आला. असे निबंध मी जन्मभर तपासले. त्यांत वाईट काही नाही, पण 'काल्पनिक म्हणजे खोटे' एवढेच मुलांच्या मनात राहते. घरातल्या बोलीने मात्र जुना अर्थ सोडला नाही, असे मला वाटते. एखाद्याला कल्पना देणे म्हणजे पुढे येणारी गोष्ट त्याच्या मनात आधी उभी करणे, त्याला तयारीला वेळ देणे. म्हणजे पुन्हा जुळवाजुळवच!

या देण्याची किंमत पुण्याने १२ जुलै १९६१ रोजी पाहिली. पानशेतचे नवे धरण सकाळी फुटले, त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. म्हणजे धोक्याची कल्पना काही जणांना होती, शहराला ती वेळेवर दिली गेली नाही. माणसे गेली, हजारो संसार वाहून गेले. जुने पुणेकर अजून ते दुःख सांगतात तेव्हा पाण्याइतकाच राग या न सांगण्याचा असतो.

दुसरी आठवण बरी आहे. १२ सप्टेंबर २००२ रोजी इस्रोने हवामानासाठी मेटसॅट नावाचा उपग्रह सोडला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यानाच्या अपघातात कल्पना चावला गेली आणि चारच दिवसांनी पंतप्रधान वाजपेयींनी या उपग्रहाला 'कल्पना-१' हे नाव दिले. शाळेत नाव घालताना लहानग्या कल्पनाने हे नाव स्वतःच निवडले होते, असे सांगतात. नाव देणाऱ्यांच्या मनात आपला मराठी अर्थ नसणारच. पण वरून ढग पाहून वादळाची आगाऊ खबर देणाऱ्या उपग्रहाला 'कल्पना' म्हणावे, हे मराठी कानाला किती चपखल वाटते!

'मला कल्पना नव्हती' हे कधी खरे असते. पण पुष्कळदा त्याचा अर्थ 'मी विचारले नाही' इतकाच असतो. आणि ज्याला कल्पना असूनही त्याने दिली नाही, त्याच्यासाठी तर कुठलीच सबब उरत नाही. नळाचे पाणी असो, नाहीतर आजारपण. वेळेवर सांगायला फार मोठी कल्पनाशक्ती लागत नाही. फक्त ऐकणाऱ्याच्या घरात उद्या काय होईल, हे घडीभर आपल्या डोळ्यांपुढे आणावे लागते.