दोन नद्यांचा माथा : कणकुंबी-भीमगडचा मुलूख

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघाले म्हणजे शेते मागे पडतात, वस्ती विरळ होत जाते आणि सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरचे दाट रान सुरू होते. खानापूर तालुक्याचा हा पश्चिम भाग नकाशात मोठा, पण खानेसुमारीत लहान. राजधान्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी अशा मुलखाकडे सहसा वळत नाही. तथापि ज्या भूमीने दोन समुद्रांना पाणी पुरविले आणि अनेक राजवटींच्या सीमा अंगावर वागविल्या, तिला इतिहास नाही असे म्हणणे धाडसाचे होईल.

प्रथम भूगोल पाहू. कणकुंबीस माउलीदेवीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम मानला जातो. ही नदी पूर्वेस वळते, पट्टदकल व ऐहोळे यांच्या परिसरातून वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. तेथून थोड्याच कोसांवर, देगावच्या रानात, म्हादई उगम पावते. ती पश्चिमेस घाट उतरून गोव्यात शिरते व मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच माथ्यावर पडणाऱ्या पावसाची ही अशी वाटणी होते. पाऊसही सामान्य नव्हे. आमगाव येथे २०१० साली १०,००० मिलिमीटरांहून अधिक पावसाची नोंद झाली. अशा पावसात ओढे फुगतात, वाटा बुडतात आणि गावे एकमेकांपासून तुटतात. भात व नाचणी पिकेल एवढीच सपाट जमीन. वस्ती विरळ राहण्याचे पहिले कारण हे.

परंतु तेवढ्याने उलगडा होत नाही. हा मुलूख एकाकी असला तरी जगापासून तुटलेला कधीच नव्हता. याच तालुक्यातील हलशी म्हणजे आद्य कदंबांची पलाशिका. तेथे सापडलेल्या ताम्रपटांतून पाचव्या-सहाव्या शतकांतील जैन दानांची माहिती मिळते. पुढे गोव्याच्या कदंबांनी घाटाखाली गोपकपट्टण आणि घाटावर हलशी अशी दोन्ही ठाणी राखली. हलशीचे भूवराह नरसिंहाचे देऊळ बाराव्या शतकातील शिवचित्त पेर्माडीच्या काळाची साक्ष देते. एकाच राजकुळाची एक राजधानी बंदरावर व दुसरी पठारावर असेल, तर मधल्या रानातून माणसांची व मालाची ये-जा असलीच पाहिजे. भीमगडाचा किल्ला, ज्याचा संबंध परंपरा शिवाजीमहाराजांशी जोडते, तो या घाटवाटांवर नजर ठेवण्याच्याच जागी उभा आहे.

मग ही वाट राजमार्गाची आडवाट कशी झाली? अठराव्या शतकात सत्तरी पोर्तुगीजांकडे गेली आणि १८१८ नंतर माथ्यावर इंग्रजी अंमल आला. एका राज्याच्या मध्यावरचा मुलूख अशा रीतीने दोन परकीय सत्तांच्या कडेला येऊन पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग लोंढ्यावरून गेला, आणि व्यापार त्याच्यामागे गेला. जंगलखात्याने कुमरी शेतीवर निर्बंध घातले, तेव्हा रान तोडून, जाळून, पीक काढून पुढे सरकणाऱ्या कुटुंबांचा आधार तुटला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६१ साली गोवा मुक्त झाला, पण सीमा राहिलीच. मराठी बोलणाऱ्या या वाड्यांच्या कपाळी सीमेवरचे जिणे आले ते कायमचेच.

आज तेथे दोन प्रश्न उभे आहेत. पहिला पाण्याचा. म्हादईच्या तंट्यासाठी २०१० साली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ व महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरविण्यात आले, आणि तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. या वादात पक्षकार आहेत ती राज्ये. उगमावरची गावे नव्हेत. दुसरा प्रश्न रानाचा. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले. ते योग्यच होते. बारापेडेच्या गुहांतील राउटनचे वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला ज्ञात झाले आणि पुढे कित्येक दशके जगात अन्यत्र कोठेही आढळले नव्हते. परंतु अभयारण्याच्या पोटात गावेही आली. रस्ता, वीज, दवाखाना यांवाचून तेथे राहणे कठीण, आणि पिढ्यांचे घर सोडणे त्याहून कठीण. मोबदला देऊन गावे बाहेर हलविण्यास आता आरंभ झाला असून तळेवाडी हे त्यांतील आरंभीचे गाव आहे.

जे स्वेच्छेने जातात त्यांना कोणी अडवू नये. आजारी माणसाला पावसात खांद्यावरून न्यावे लागते तेथे राहण्याचा आग्रह दुसऱ्याने धरणे हा निर्दयपणा होईल. पण गाव उठले म्हणजे केवळ घरे जात नाहीत. ओढ्यांची, शेतांची, देवराईंची नावे जातात. कोणत्या वाटेने कोणत्या घाटात उतरावे हे ज्ञान जाते. ताम्रपट जमिनीत हजार वर्षे टिकतो. बोललेला शब्द बोलणाऱ्याबरोबर संपतो.

म्हणून सीमाभागातील शिक्षकांनी एवढे काम अंगावर घ्यावे. सुट्टीत विद्यार्थ्यांसह एकेका वाडीत जावे, वृद्धांजवळ बसावे, स्थलनामे, देवतांची नावे, जत्रांचे मान आणि जुन्या वाटा वहीत उतरून घ्याव्यात. त्यास अनुदान लागत नाही; अभयारण्यातील वाड्यांत जाण्यास मात्र वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. गावे हलण्यापूर्वी त्या वह्या भरल्या, तर उद्याच्या इतिहासकाराला हा मुलूख मुका सापडणार नाही.