बांधकाम व्यवसायातील विदा अभियांत्रिकी

बांधकाम व्यवसायातील विदा अभियांत्रिकी म्हणजे बांधकामस्थळ, भांडार, नियोजन व लेखा विभाग यांतून येणारी माहिती गोळा करून, तपासून आणि परस्परांशी जुळवून निर्णयासाठी उपलब्ध करून देणारी कार्यशाखा होय. हे काम लहान पथकाकडे असल्यास कोणते काम आधी हाती घ्यावे, हे ठरवणे पथकप्रमुखाची मुख्य जबाबदारी ठरते.

विदेचे स्रोत
मजुरांचा हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, साहित्याची चलने, कंत्राटदारांची देयके, कामाचे वेळापत्रक आणि इमारतीचे त्रिमितीय प्रतिमान हे प्रमुख स्रोत आहेत. प्रतिमानांच्या देवाणघेवाणीसाठी आयएफसी हे खुले प्रारूप वापरतात. ते आयएसओ १६७३९ या मानकात वर्णिलेले आहे.

अडचणी
महाराष्ट्रात वाळू व खडी ब्रासमध्ये मोजण्याची पद्धत आहे. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. चलन ब्रासमध्ये आणि अंदाजपत्रक घनमीटरमध्ये असल्यास, एकक न नोंदवता केलेली बेरीज निरर्थक ठरते. काही माहिती उशिरा येते. काँक्रीटच्या ठोकळ्यांची दाबशक्ती २८ दिवसांनी तपासली जाते. त्यामुळे मूळ नोंद न पुसता निकाल नंतर जोडता येईल अशी रचना आवश्यक असते.

पथकाचे नेतृत्व
‘काम पूर्ण’ या शब्दांचा अर्थ विभागागणिक बदलतो. स्थळ अभियंता काँक्रीट ओतल्यावर, तर लेखा विभाग देयक मंजूर झाल्यावर काम पूर्ण मानतो. दोन्ही अर्थ स्वतंत्र रकान्यांत नोंदवून त्यांवर सर्व विभागांची संमती मिळवणे हे पथकप्रमुखाचे काम असते. दोन-तीन जणांच्या पथकात एखादी प्रणाली एकाच व्यक्तीला ठाऊक असल्यास तिच्या अनुपस्थितीत काम अडते. म्हणून लेखी टिपणे व कामांची अदलाबदल यांना महत्त्व असते.

कायदेशीर महत्त्व
स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांनी प्रमाणित केलेल्या प्रगतीच्या प्रमाणातच ती काढता येते. प्रकल्पाची माहिती दर तिमाहीस प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर अद्ययावत करणेही बंधनकारक आहे. त्यामुळे प्रगतीच्या नोंदींतील चुकीचा परिणाम घर घेणाऱ्यांच्या पैशांच्या सुरक्षिततेवरही होऊ शकतो.