रेषा सरकली, कार्यकर्ता तिथंच

सातारा-सांगलीचं राजकारण समजून घेताना मी २००९च्या विधानसभा निवडणुकीपाशी थांबतो. २००१च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघांची पुनर्रचना या निवडणुकीत प्रथमच लागू झाली. साताऱ्यातले १० मतदारसंघ ८ झाले, सांगलीतले ९ होते ते ८. जावळी आणि खटाव ही नावं यादीतून गेली. कवठेमहांकाळ तासगावला जोडलं गेलं. जावळीचे आमदार शशिकांत शिंदे कोरेगावातून उभे राहिले आणि जिंकले. जतचं आरक्षण उठलं, मिरज राखीव झालं. जतचे सुरेश खाडे मिरजेतून निवडून आले.

नेत्यांनी असे नवे मतदारसंघ शोधले. जावळी तालुका मात्र सातारा मतदारसंघात गेला आणि तिथला कार्यकर्ता गावातच राहिला. विकास सोसायटी, दूध संस्था, लग्नकार्य, दवाखाना यांतून वर्षानुवर्षं जमवलेली माणसं घेऊन तो दुसऱ्या तालुक्यात कसा जाणार? त्याला नव्या आमदाराच्या दारात स्वतःची ओळख पहिल्यापासून सांगावी लागली. गावातल्या अडल्यानडल्याचं काम त्या ओळखीवरच व्हायचं.

आता पुढच्या पुनर्रचनेची चर्चा आहे. तेव्हा जागांच्या हिशेबाबरोबर या माणसाचाही विचार व्हावा, असं मला वाटतं.